आजोबांची झोप आणि बबनचा वस्तरा

डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहिला आणि त्याभोवती पेनाने गोल काढला. पस्तीस.

"हे इजेक्शन फ्रॅक्शन," त्या म्हणाल्या. "हृदय एका ठोक्याला आपल्यातलं किती रक्त पुढे ढकलतं, त्याची टक्केवारी. साधारण पंचावन्न-साठ असायला हवी."

"म्हणजे पंप निम्म्या कपॅसिटीवर चाललाय," तुमचे आजोबा म्हणाले.

"निम्म्याच्या थोडं वर," डॉक्टर म्हणाल्या. "पण हो, तसंच."

सई, निषाद, हे फेब्रुवारीत बारामतीच्या एका हृदयरोगाच्या दवाखान्यात घडलं. त्या आठवड्यात फोनवर मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की आजोबांना थोडा दम लागतोय, काळजी करू नका. ते अर्धंच खरं होतं. एक दूर डब्लिनला, दुसरी मेलबर्नला, आणि दोघांच्या परीक्षा. सांगून तुम्ही काय करणार होतात? पण तुम्हाला ते कळण्याचा हक्क आहे, म्हणून आता पहिल्यापासून लिहिते. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

दिवाळीपासून त्यांना गच्चीचा जिना एका दमात चढवत नव्हता. मधल्या वळणावर उभे राहून ते कुंडीतल्या तुळशीकडे बघायचे. मला वाटायचं, तुळशीकडे बघताहेत. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर त्यांचे खोल वळ उठायचे. झोपताना दोन उशा लागायला लागल्या, मग तीन. सकाळी उठल्यावर डोकं जड. रक्तदाबाची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, तरी आकडा एकशेसाठच्या खाली येईना. इंदापूरचे आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणायचे, मीठ कमी करा. मी मीठ इतकं कमी केलं की जेवण दवाखान्यातल्यासारखं लागायला लागलं.

आणि डुलक्या. पेपर हातात धरला की दुसऱ्या पानाला मान खाली. बँकेच्या बाकावर डुलकी. शेळगावात एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते बसल्या जागी झोपले, अक्षता मुठीतच राहिल्या. आम्ही सगळे हसलो. "आजोबांना कुठेही झोप लागते, नशीबवान माणूस," असं घरात म्हटलं जायचं. सगळ्यांत जास्त वेळा मीच म्हटलं असेल.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांना अंघोळीनंतर टॉवेल पिळता येईना, इतका दम लागला. गाडी करून आम्ही बारामतीला गेलो.

चार दिवस त्यांना ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी ईसीजी, रक्ताच्या तपासण्या आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारं इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांत वजन चार किलोने उतरलं. मी रोज सकाळी काट्यावरचा आकडा वहीत लिहून घेत होते. तिथल्या नर्सने विचारलं, "आजी, तुम्ही नर्स होता का?" मी म्हटलं, नाही, इंग्रजीची मास्तरीण होते.

तिसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आहे का ते बघतात. मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्या शेजारी काझड गावच्या एक आजीबाई होत्या, त्यांचा मुलगा आत होता. आम्ही दोघींनी एकमेकींशी एक शब्दही न बोलता एक बिस्किटांचा पुडा संपवला.

रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. मी हात जोडले. डॉक्टर मात्र माझ्याइतक्या खूश दिसल्या नाहीत.

"ब्लॉकेज असता तर कारण सापडलं असतं," त्या म्हणाल्या. त्या वयाने तुमच्या आईपेक्षाही लहान असतील, पण बोलताना एकही शब्द वाया घालवत नाहीत. "इतकी वर्षं चढलेल्या रक्तदाबाने हृदय थकलेलं दिसतंय. पण तीन-तीन गोळ्यांनी तो उतरत का नाही, ते मला कळत नाहीये. गोळ्या बदलून देते. तीन महिन्यांनी पुन्हा इको करू. तेव्हाही आकडा पस्तीस किंवा खाली असला, तर आयसीडी बसवावा लागेल."

आयसीडी म्हणजे खांद्याजवळ, छातीच्या कातडीखाली बसवायचं काडेपेटीएवढं यंत्र. थकलेल्या हृदयाचे ठोके कधी अचानक बेताल होतात आणि माणूस जागच्या जागी जातो. तसं झालं तर हे यंत्र आतून झटका देऊन ठोके ताळ्यावर आणतं.

आजोबांनी ते ऐकून आधी छातीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अंगात यंत्र नको. यंत्र आलं की ब्रेकडाउन आलं."

पण मला त्या यंत्रापेक्षा "जागच्या जागी" या दोन शब्दांची भीती वाटली. तीन महिने. फेब्रुवारी ते मे. मी वहीत तारीख लिहिली.

घरी सोडताना डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. तंबाखू? नाही. दारू? नाही. जेवण? मी सांगितलं. झोप?

"उत्तम," मी म्हटलं. "रोज दहा ते सहा. आठ तास."

"घोरतात का?"

"ते मला सांगता यायचं नाही. दार बंद असतं."

"खोलीत त्यांच्याबरोबर कोण झोपतं?"

"कुणीच नाही. चाळीस वर्षं झाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आजोबांच्या गळ्याकडे बघून त्यांनी शर्टाच्या कॉलरचं माप विचारलं. सतरा इंच, मी लगेच सांगितलं, त्यांचे सगळे शर्ट मीच आणते. त्यांनी ते फाइलमध्ये लिहिलं. "एक-दोन दिवस त्यांच्या खोलीत झोपून बघा. श्वासाकडे लक्ष ठेवा आणि मला कळवा," त्या म्हणाल्या.

हे चाळीस वर्षांचं बंद दार काय आहे, ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही ते लहानपणी सुट्टीत पाहिलंय, पण असं का, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मी पुण्यातून लग्न होऊन साखर कारखान्याच्या वसाहतीत आले. आजोबा तेव्हा पॅनवर होते. उसाचा रस आटवून दाणेदार साखर करायची ती मोठी भांडी म्हणजे पॅन. गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालायचा आणि माणसं तीन पाळ्यांत जायची. एका आठवड्यात पहाटे चार ते दुपारी बारा, दुसऱ्या आठवड्यात बारा ते रात्री आठ, तिसऱ्यात रात्रभर. दिवसा झोपणारी माणसं घराघरात असायची. त्यामुळे वसाहतीतल्या बायकांचे कडक नियम होते. पाळी करून आलेला माणूस झोपला की त्या ओळीत कुणी मसाला कुटायचा नाही. मुलांनी मागच्या बाजूला खेळायचं. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, वाफ भरली की हळूच उचलून सोडायची. आणि त्या खोलीचं दार कुणी उघडायचं नाही. एखादीचा नवरा दुपारी किती शांत झोपतो यावर तिची संसारातली हुशारी मोजली जायची.

मी तर शिकलेली आणि शिस्तीची. मी खिडकीला काळा कागद लावला. दारावर वेळापत्रक लावलं. तुमच्या बाबांना मी पाचव्या वर्षीच टाचा उचलून चालायला शिकवलं. आजोबा त्या मागच्या खोलीत एकटे झोपू लागले आणि तिकडून आवाज आला तरी आम्ही दार उघडत नव्हतो. निवृत्त होऊन शेळगावजवळ घर बांधलं, तिथेही मागची एक खोली त्यांच्या झोपेची ठरली. हंगाम संपला, पाळ्या संपल्या, नियम तसाच राहिला. चाळीस वर्षं त्यांच्या झोपेची राखण केल्याचा मला अभिमान होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी आजोबांच्या खोलीत झोपायला गेले. त्यांनी मला परत पाठवलं. "तू उगाच ताटकळत बसशील आणि मला झोप यायची नाही. मी काय लहान पोर आहे?" त्यांचा आवाज अजून अशक्त होता. मी वाद घातला नाही. तिथे मी चुकले, हे कबूल करते.

चौथ्या दिवशी सकाळी बबन आला. गावात त्याचं केशकर्तनालय आहे. आजोबा दर दोन दिवसांनी चालत त्याच्याकडे दाढीला जायचे. आता चालवत नव्हतं म्हणून तो सामान घेऊन घरी आला. पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकली, फेस लावला. मी दारात बसून मेथी निवडत होते.

आजोबांचा डोळा लागला. बबन एका गालावरून वस्तरा फिरवत होता. मधेच त्याने हात थांबवला आणि वस्तरा कानाएवढा वर उचलून धरला. तसाच उभा राहिला. मला वाटलं, काही लागलं.

"काय झालं रे?"

"काय न्हाय बाई. आबांचा दम अडकलाय. येईल आता."

"म्हणजे?"

"असंच असतंय की त्यांचं. डोळा लागला की दम थांबतो. मग येतो तवा सगळं अंग झटका देतंय. वस्तरा लांब पायजे, न्हायतर कान जायचा माझ्या हातून."

तेवढ्यात आजोबांच्या घशातून घोगरा मोठा आवाज आला, मान उडाली, आणि श्वास सुरू झाला. बबनने वस्तरा पुन्हा गालावर टेकवला. जसं काही मधे एक वाहन जाऊ दिलं.

"हे कधीपासून?"

"मी दुकान टाकलं तवापासून. पंधरा वर्सं व्हतील. पयलं जरा कमी व्हतं."

"अरे, मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

तो माझ्याकडे नवलाने बघायला लागला. "तुमाला म्हाईत असंल की बाई. तुमी घरातल्या."

मेथीची जुडी माझ्या मांडीवरून खाली गेली.

मी आत जाऊन मनगटी घड्याळ आणि वही घेऊन आले. बबनला म्हटलं, आज दाढी सावकाश कर. त्याने तीन मिनिटांची दाढी वीस मिनिटं केली. पहिला श्वास थांबला तो बावीस सेकंद. मग अठरा. मग एकतीस. एकतीस सेकंद तुम्ही तोंड मिटून नाक दाबून बघा, म्हणजे कळेल. दाढी संपेपर्यंत वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या. आजोबा जागे झाले आणि म्हणाले, "काय बबन, आज लई वेळ लावलास?"

"बाई परीक्षा घेत व्हत्या," बबन म्हणाला.

मी डॉक्टरांना फोन लावून वहीतले आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावले. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या न्हाव्याने निदान केलंय. उद्याच माणूस पाठवते."

बारामतीहून स्वाती नावाची तंत्रज्ञ मुलगी स्लीप स्टडीचं यंत्र घेऊन आली. स्लीप स्टडी म्हणजे झोपेची तपासणी. छातीला एक पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. झोपेत श्वास, ऑक्सिजन आणि नाडी यांची नोंद यंत्र आपोआप घेतं. सकाळी ती येऊन घेऊन गेली.

आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. आजोबांचा श्वास झोपेत तासाला अठ्ठेचाळीस वेळा थांबत किंवा अडत होता. रक्तातला ऑक्सिजन एकाहत्तरपर्यंत उतरत होता. तो पंच्याण्णवच्या आसपास असायला हवा.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं, ते जसंच्या तसं लिहिते. "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. जाड गळ्याच्या माणसांत हे जास्त होतं, म्हणून मी कॉलरचं माप विचारलं होतं. छाती हवा ओढत राहते, पण आत काही जात नाही. मेंदूला वाटतं माणूस गुदमरतोय, तो शरीराला हादरा देतो. रक्तदाब उसळतो, झोप मोडते, श्वास येतो. पुन्हा झोप, पुन्हा तेच. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. झोपेत रक्तदाब खाली उतरतो, तीच हृदयाची विश्रांती. यांच्या हृदयाला ती वर्षानुवर्षं मिळालेलीच नाही. दिवसाची ड्यूटी करून ते रात्रीचीही करतंय."

मी विचारलं, "मी दार उघडलं असतं तर?"

"आधी कळलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "पण आता कळलंय आणि अजून वेळ आहे. त्याकडे बघा."

उपाय म्हणजे सीपॅप. झोपताना नाकातोंडावर मास्क लावायचा आणि एक छोटं यंत्र लांब नळीतून त्यात हलक्या दाबाची हवा सतत सोडत राहतं, म्हणजे घशाची वाट मिटत नाही. मास्क रोज किमान चार तास लावायलाच हवा, त्याहून जास्त तर उत्तमच. गोळ्या चालू ठेवायच्याच. डॉक्टरांनी बजावलं, याने आकडा वाढेलच अशी खात्री देत नाही, पण हे न करता वाढेल अशी आशाही ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात आजोबांनी मास्क सरासरी एक तास लावला. यंत्रातच नोंद राहते, लपवता येत नाही. सकाळी मी बघायचे तर मास्क खुंटीला.

"मी काय आयसीयूत आहे का?" ते म्हणायचे. "कारखान्यात बॉयलरच्या शेजारी झोपलोय मी. मला झोपायला शिकवता?"

मी रागावले, समजावलं, अबोला धरला. एप्रिल उजाडायला आला. वहीतली तारीख जवळ येत होती, आणि या माणसाला चाळीस वर्षांच्या सवयीपुढे ती दिसत नव्हती. एका दुपारी मी स्वयंपाकघरात एकटी रडले. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल की आजी नुसती वही घेऊन बसली होती.

मग स्वाती पुन्हा आली ती मास्कचं माप बघायला. ती यंत्रातले आकडे तपासत सहज म्हणाली, "प्रेशर दहावर ठेवलंय."

"दहा काय?" आजोबांनी विचारलं.

"सेंटिमीटर. पाण्याचं."

आजोबा खुर्चीत सरळ झाले. "पाण्याच्या उंचीवर मोजता? मॅनोमीटरसारखं?"

"हो आजोबा."

मॅनोमीटर म्हणजे नळीतल्या पाण्याच्या उंचीवरून दाब मोजायचं साधन, आणि पॅनवाल्या माणसाचं अख्खं आयुष्य दाब आणि निर्वात यांच्या काट्यावर गेलेलं. त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं. अर्धा तास ते त्या पोरीला प्रश्न विचारत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, हे साधं आहे. विहिरीवरच्या मोटरीला सक्शनचा पाइप कडक का लावतात? मऊ लावला तर ओढ बसली की तो चिकटतो आणि पाणी येत नाही. माझा घसा म्हणजे मऊ पाइप. हे यंत्र आतून हवा भरून तो उघडा ठेवतंय."

डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. पण आजोबांच्या भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

"पण गळती आहे," स्वाती म्हणाली. "मास्क इथे बसत नाही." तिने बोट दाखवलं ते मिशीकडे.

तुम्ही ती मिशी पाहिली आहे. विसाव्या वर्षापासूनची. लग्नाच्या फोटोत माझ्याआधी तीच दिसते. स्वाती घाईघाईने म्हणाली, दुसऱ्या प्रकारचा मास्क पुण्याहून मागवता येईल, दोन आठवडे लागतील.

"गळती घेऊन दोन आठवडे पॅन चालवायचा नाही," आजोबा म्हणाले. "बबनला बोलवा."

बबन आला, पण वस्तरा चालवेना. "आबा, इचार करा." आजोबा म्हणाले, "झाला विचार. आणि ह्या वेळेला मी जागा आहे, कानाची काळजी नको." दोन मिनिटांत काम झालं. मिशीशिवाय ते मला अनोळखी दिसले, आणि दहा वर्षांनी लहान.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या हौसाबाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या. खाली बसल्या. काही बोलेनात. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या, त्याही तशाच बसल्या. शेवटी हौसाबाईंनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं वं बाई?"

आपल्याकडे आईवडील गेले की मिशी काढतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी आदल्या संध्याकाळी आजोबांना अंगणात बिनमिशीचं पाहिलं होतं.

"कोणी नाही गेलं हो."

"मग? आबांचं वडील तर कवाच गेल्यात."

"मिशी गेली," मी म्हटलं. "आबा राहिलेत."

हौसाबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या की आतून आजोबा बाहेर आले. बायका आणखीनच हसायला लागल्या. फेब्रुवारीपासून त्या घरात असं हसू झालं नव्हतं.

त्या दिवसापासून मास्क घट्ट बसला. चार तास, मग पाच, मग साडेसहा. सकाळी चहाच्या आधी ते यंत्राचा आकडा बघून कारखान्यातल्या लॉगशीटसारखा वहीत स्वतः लिहायला लागले. अठ्ठेचाळीसचे सहा झाले, मग तीन. मी माझी खाट त्यांच्या खोलीत नेली. दार उघडं ठेवलं. यंत्राचा आवाज पंख्यापेक्षा कमी आहे.

पंधरा दिवसांत काय काय घडलं ते सांगते. सकाळचं डोकं जड होणं थांबलं. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होऊ लागला, आणि शब्दकोडं माझ्याआधी सुटू लागलं, हे मात्र मला आवडलं नाही. घोट्यावरचे वळ गेले. एकशेसाठचा रक्तदाब एकशेचाळीसवर आला, मग एकशेअठ्ठावीस. डॉक्टरांनी तीनातली एक गोळी बंद केली. उलट एकदा तो एकशेसहा झाला तेव्हा मी घाबरून फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आजी, याचीच तर वाट बघत होतो."

मेमध्ये आम्ही पुन्हा बारामतीला गेलो. इकोच्या खोलीबाहेर तोच बाक. आजोबांचं नाव पुकारलं आणि मी त्यांच्याबरोबर आत गेले. अंधारी खोली, पडद्यावर काळंपांढरं हृदय उघडमीट करत होतं. फेब्रुवारीत ते मला ओल्या कापडासारखं लोंबलेलं दिसलं होतं. इको करणारे डॉक्टर काही बोलत नाहीत, नियमच असतो. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आजोबा पडद्याकडे.

मग आमच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात घेतला. पहिल्या वेळेसारखाच त्यांनी एक आकडा लिहिला आणि गोल काढला. एकावन्न.

"आयसीडी?" मी विचारलं.

"गरज नाही." आणि मग या कमी बोलणाऱ्या बाई हसल्या. "गोळ्यांनी किती केलं आणि झोपेने किती केलं, ते वेगळं करून सांगता यायचं नाही. पण दोघांनी मिळून केलंय. दोन्ही सोडायचं नाही."

आजोबांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि जिन्याने खाली गेले. दोन मजले. मी लिफ्टने उतरले, तर ते माझ्याआधी पोचून दवाखान्याच्या वॉचमनला विचारत होते, इथे चांगली भेळ कुठे मिळते.

मला आता कृतज्ञतेचे शब्द लिहायला हवेत. डॉक्टरांचे आभार मानले, स्वातीचे मानले. बबनचे मानायला गेले तर तो म्हणाला, "मी काय केलं? मी तर नुसता थांबत व्हतो." मला वाटतं, कुणाजवळ तरी थांबून बघणं, यातच सगळं आलं. मी चाळीस वर्षं दाराबाहेर राखण केली आणि आत एकदाही थांबले नाही. याचं दुःख मी उराशी धरून बसणार नाही, आजोबांनीच मला तसं बजावलंय. पण झोप म्हणजे बिछान्यातले तास नव्हेत, हे मी सत्तरीत शिकले. तुम्ही विशीत शिका.

आता ते दुसरं कारण. तुमच्या बाबांच्या कॉलरचं माप साडेसोळा आहे. दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागतो, असं ते हसत सांगतात. मी त्यांना पुण्यात तपासणी करून घ्यायला लावली आहे, या शुक्रवारी आहे. तुम्ही दोघांनी फोन करून विचारायचं, आणि "बघू" असं उत्तर आलं तर मला कळवायचं. तुम्हीही कुणी घोरण्यावरून चिडवलं तर हसण्यावारी नेऊ नका. विचारा, मधे श्वास थांबतो का.

जूनच्या पहिल्या रविवारी मारुतीच्या मंडपात कारखान्यातल्या निवृत्तांची बैठक होती. आजोबांनी कधी भाषण केलेलं नाही. त्या दिवशी ते स्वतःहून उठले. तात्या नावाचे त्यांचे जुने सोबती, मिलवर फिटर होते, ते मागून ओरडले, "आबा, तुमी म्हणं सोंड लावून झोपता? गणपती झालाय का काय?"

"व्हय तात्या," आजोबा म्हणाले. "आन् तुमी बिनसोंडेचं झोपता, म्हणून तर मागच्या बैठकीला माझ्या खांद्यावर लाळ गाळली."

मंडप हसला. मग आजोबांनी वीस मिनिटं सगळं सांगितलं. मऊ पाइप, दाब, पस्तीस, एकावन्न. सगळे पाळ्या केलेले लोक. सगळ्यांच्या घरी तेच बंद दार. कुणी हललं नाही. चहाच्या वेळी पाच बायका माझ्याभोवती जमल्या. "बाई, आमच्या माणसाचं पण असंच वाटतंय," एक म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तात्यांच्या बायको शालनताई सगळ्यांत शेवटी आल्या आणि डॉक्टरांचा नंबर हातावर लिहून घेऊन गेल्या. तात्या लांबून बघत होते, पण आले नाहीत.

तीन आठवड्यांनी शालनताईंचा फोन आला. तात्यांचा श्वास तासाला छप्पन्न वेळा थांबत होता. यंत्र येऊन चार दिवस झाले होते.

"लावतात का?" मी विचारलं.

"पयले दोन दिवस शिव्या घातल्या बाई, तुमच्या आबांना पण. काल मात्र सारी रात लावलं." त्या पुढे सांगू लागल्या. "आज उठले, अंगणात गेले, खाटंवर बसले. मी च्या घेऊन गेले तर म्हणाले, शालन, लोकांची सकाळ रोज अशी असती व्हय गं?"